सर्टिफिकेटवर एक शब्द यायला २१ वर्षं लागली

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. आपल्याच तालुक्यातल्या काही घरांची गोष्ट आहे.

मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एक ताई भेटायला आल्या. हातात कॅरीबॅग, कॅरीबॅगमध्ये कागदांचा गठ्ठा. मुलगा १९ वर्षांचा. लहानपणी बोलायला उशीर झाला, हाक मारली तर बघायचा नाही, पंख्याकडे तासन् तास बघत बसायचा. तो चार वर्षांचा असताना पुण्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ऑटिझम. पुढे २०१३ साली जिल्ह्याच्या ठिकाणी अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलं. त्यावर लिहिलंय, मतिमंद.

ताईंनी दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "दादा, यातलं खोटं कोणतं?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. घरी येऊन जुने कायदे, सरकारी अधिसूचना काढून वाचत बसलो. आता उत्तर देता येतं. खोटं कोणतंच नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी जे दिसलं ते लिहिलं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी फॉर्मवर जो रकाना होता त्यात बसवलं. ऑटिझमचा रकानाच तेव्हा नव्हता. तो का नव्हता, आणि कसा आला, ही आजची पोस्ट.

शब्द आला कुठून?

ऑटिझम हा शब्द शंभर वर्षांहून जुना आहे. ऑयगेन ब्लॉयलर नावाच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास तो वापरला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. ग्रीकमध्ये 'ऑटोस' म्हणजे स्वतः. आपल्याकडे त्याचंच 'स्वमग्नता' झालं. पण आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो, त्याचं पहिलं गाजलेलं वर्णन १९४३ चं. अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर या डॉक्टरने ११ मुलांवर लेख लिहिला. माणसांपेक्षा वस्तूंमध्ये रमणारी, रोजचा क्रम थोडा जरी बदलला तरी कासावीस होणारी मुलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गरने अशाच काही मुलांवर लिहिलं. आणि या दोघांच्या बरंच आधी, १९२५ च्या सुमारास, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी सहा मुलांचं फार बारकाईने वर्णन करून ठेवलं होतं. त्यांचं नाव जगाला फार उशिरा कळलं.

म्हणजे ही मुलं मोबाईलच्या काळात जन्माला आली असं नाही. ती आधीही होती. आपल्या गावातही होती. 'जरा वेगळाच आहे', 'खुळं आहे', 'देवाचं आहे' असं म्हणून घरात ठेवलेली होती.

आईवर आलेला आळ

यानंतरची वीस-पंचवीस वर्षं मात्र वाईट गेली. १९५० आणि ६० च्या दशकात पश्चिमेत एक मत बोकाळलं होतं की आईने माया केली नाही म्हणून मूल असं होतं. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणायचे. फ्रिजसारखी थंड आई. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने हे मत घरोघरी नेलं.

हे मत खोडून काढायला पुढे आले ते बहुतेक पालकच. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ, स्वतःचा मुलगा ऑटिझम असलेला. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून सांगितलं की हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही. इंग्लंडमध्ये पालकांनी १९६२ सालीच आपली संस्था काढली होती. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास छापला आणि आनुवंशिकतेचा भाग त्यात स्पष्ट दिसला. १९७९ साली लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गुल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं की ही एकच एक ठरावीक अवस्था नाही, यात खूप छटा आहेत. लॉर्ना विंग स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांची मुलगीही ऑटिझम असलेली.

जगाने हा आळ मागे टाकून चाळीस-पन्नास वर्षं झाली. आपल्या गल्लीत तो अजून आहे. "आई नोकरीला जाते म्हणून", "टीव्हीसमोर बसवलं म्हणून", "बाहेरचं काहीतरी आहे, अमुक ठिकाणी दाखवा". या ताईंनी हे सगळं ऐकलंय. सासरी ऐकलंय, माहेरी ऐकलंय. एकदा शाळेतही ऐकलंय.

आपल्या देशाची गोष्ट

भारतात यासाठी संघटित काम उभं राहायला १९९१ साल उजाडलं. दिल्लीत मेरी बरुआ यांनी 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. पुन्हा तेच, त्याही एका ऑटिझम असलेल्या मुलाच्या आई.

१९९५ साली संसदेने अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा केला. समान संधी, हक्कांचं संरक्षण आणि पूर्ण सहभाग असं त्याचं लांबलचक नाव. सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण त्यातूनच आलं. या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजले होते. अंधत्व, अधू दृष्टी, बरे झालेले कुष्ठरोगी, श्रवणदोष, हातापायाचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. बस. ऑटिझम कुठेच नाही.

मग पालक संस्थांचा रेटा वाढला आणि ३० डिसेंबर १९९९ रोजी दुसरा कायदा आला, राष्ट्रीय न्यास म्हणजे नॅशनल ट्रस्टचा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. ऑटिझम हा शब्द पहिल्यांदा कायद्याच्या नावातच आला. न्यासाला १०० कोटींचा मूळ निधी द्यायचं कायद्यातच लिहिलं होतं.

हा कायदा का झाला, ते समजून घ्या. प्रत्येक अशा घरात एक प्रश्न रात्री झोपू देत नाही. "आमच्यामागे याचं काय?" मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान. पण बँकेत सही, जमिनीचा व्यवहार, दवाखान्यात संमती हे कोण करणार? त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक स्तर समिती ठेवली. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. गरज असेल तिथे ही समिती कायदेशीर पालक नेमते.

चांगला कायदा होता. पण गंमत बघा. सर्टिफिकेट, आरक्षण, सवलती हे सगळं १९९५ च्या कायद्याला जोडलेलं. म्हणजे दिल्लीत एका कायद्यात ऑटिझम आहे आणि दुसऱ्यात नाही. मूल एकच, पण एका सरकारी खोलीत ते होतं आणि शेजारच्या खोलीत नव्हतं.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. ज्या मुलांना ऑटिझमसोबत बौद्धिक अक्षमताही होती, त्यांना 'मतिमंद' म्हणून सर्टिफिकेट मिळालं. त्यांचा खरा प्रश्न कागदावर आलाच नाही. आणि ज्यांची बुद्धी चांगली, पाढे तोंडपाठ, पण वर्गात बसता येत नाही, गर्दी-गोंगाट सहन होत नाही, त्यांना तर काहीच मिळालं नाही. "हुशार आहे की, अपंग कुठाय?" असं म्हणून परत पाठवलं.

या ताईंचा मुलगा पहिल्या गटातला.

मोजायचं कशाने?

डॉक्टरांचीही अडचण खरी होती. डोळ्याचा नंबर मोजता येतो, पायाची हालचाल मोजता येते. ऑटिझमची टक्केवारी कशी काढायची? परदेशी चाचण्या महाग, आणि आपल्या घरांना न जुळणाऱ्या. त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी बनवली. इसा म्हणतात तिला. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्याच्या पुढे तीव्र. ही श्रेणी २००९ साली तयार होती. तिच्यावरून सर्टिफिकेट द्यायच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने काढल्या २५ एप्रिल २०१६ रोजी. सात वर्षं हत्यार तयार होतं, वापरायचा हुकूम नव्हता. ताईंच्या मुलाचं २०१३ चं सर्टिफिकेट नेमकं या सात वर्षांतलं.

बाकीचं जग काय करत होतं?

याच काळात बाहेर काय चाललं होतं तेही बघू. २००७ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी कतारच्या प्रस्तावावरून २ एप्रिल हा ऑटिझम जागरूकता दिवस ठरवला. २००८ साली वेल्स या चिमुकल्या देशाने ऑटिझमची स्वतंत्र राष्ट्रीय योजना आखली. २००९ साली इंग्लंडमध्ये फक्त ऑटिझमसाठी कायदा झाला. चेरिल गिलन या खासदार बाईंनी तो खासगी विधेयक म्हणून आणला होता. त्यात सरकारवर बंधन घातलं की प्रौढांसाठी धोरण जाहीर करा, आणि स्थानिक यंत्रणेने काय करायचं ते लेखी सांगा. २०११ साली स्कॉटलंडने दहा वर्षांचं धोरण आणलं.

तिकडे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये तपासणीच्या रांगा आजही लांबच लांब आहेत, आणि पालक तिथेही भांडतायत. पण एक फरक आहे. एक कागद आहे, ज्यावर लिहिलंय की कोणी काय करायचं. भांडायला धरायला काहीतरी आहे.

आणि हे फक्त श्रीमंत देशांचं काम असं समजू नका. २०११ च्या जुलैमध्ये बांगलादेशने ढाक्यात दक्षिण आशियाची ऑटिझम परिषद भरवली, तिथे जाहीरनामा झाला. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत ऑटिझम असलेल्या कुटुंबांच्या सामाजिक-आर्थिक गरजांवर ठराव झाला, तोही बांगलादेशच्याच पुढाकाराने.

पालघरहून निघालेली गाडी

आता आपल्या महाराष्ट्राचा भाग. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. देशपातळीवरच्या या योजनेची सुरुवात आपल्या राज्यातल्या आदिवासी भागातून झाली, हे किती जणांना माहीत आहे?

शाळेबाहेर अधूनमधून आरोग्य तपासणीची गाडी उभी दिसते ना, ती हीच. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत वर्षातून एकदा. ० ते १८ वयाच्या मुलांमध्ये ठरावीक आजार आणि दोष शोधायचे. त्या यादीत ऑटिझम आहे. संशय आला तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचार करणारे, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली असावेत, असा आराखडा.

आराखडा उत्तम आहे, मी मनापासून म्हणतो. अडचण पदं भरण्याची आहे. आणि दिवसाला शंभरेक पोरं तपासणाऱ्या पथकाने हृदयाचा आवाज ऐकायचा, दात बघायचे, वजन घ्यायचं, की नावाने हाक मारल्यावर वळून न बघणारं पोर ओळखायचं? शांत बसलेलं पोर त्या गडबडीत कुणाला त्रास देत नाही. म्हणून ते कुणाला दिसतही नाही.

अखेर रकाना आला

२०१६ च्या डिसेंबरात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला, आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातचे एकवीस प्रकार झाले. त्यात ऑटिझम नावानिशी आहे. नोकरीतलं आरक्षण ३ चं ४ टक्के झालं, त्यातल्या एका टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा. ४० टक्क्यांहून कमी नाही असं अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क.

१९९५ ते २०१६. एक शब्द यायला २१ वर्षं. ही २१ वर्षं म्हणजे एका पिढीचं पूर्ण बालपण.

महाराष्ट्रात २०२२ च्या ३ डिसेंबरला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही सुरू झाला. पण फक्त ऑटिझमसाठी वेगळा राष्ट्रीय कायदा आपल्याकडे आजही नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत. शोधायचं काम आरोग्य खात्याचं, शिकवायचं शिक्षण खात्याचं, पालकत्व राष्ट्रीय न्यासाचं, सर्टिफिकेट सिव्हिलचं. या सगळ्यांना जोडणारा दोरा एकच, कॅरीबॅगमध्ये कागद घेऊन एसटीने फिरणारी आई.

किती मुलं आहेत?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्या फॉर्मवरही ऑटिझमचा वेगळा रकाना नव्हता. म्हणजे ही मुलं कुठे 'मतिमंद' मध्ये गेली, कुठे 'इतर' मध्ये, आणि बरीचशी कुठेच नाही.

त्यातल्या त्यात भरवशाचा अभ्यास २०१८ साली छापून आला. देशात पाच ठिकाणी २ ते ९ वयाची मुलं तपासली, त्यात आपला शेजारचा उत्तर गोवाही होता. आठात जवळपास एका मुलाला मेंदूविकासाशी संबंधित निदान एक तरी अडचण निघाली. यात ऐकू न येणं, फेफरं, बोलण्यातले दोष असं सगळं आलं. त्यात ऑटिझमचं प्रमाण शंभरात साधारण एक. आता हिशोब तुम्हीच करा. तालुक्यात शाळकरी आणि अंगणवाडीतली मिळून ५० हजार मुलं धरली, तर ५०० घरं झाली. तुम्हाला त्यातली किती माहीत आहेत? मला, वीस वर्षं बातम्या करून, सहा माहीत आहेत.

शिक्षकांचंही तसंच. सुप्रीम कोर्टाने २०२१ साली सांगितलं की विशेष गरजा असलेल्या प्राथमिकच्या दर १० मुलांमागे आणि उच्च प्राथमिकच्या दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. आपल्या केंद्रातल्या किती शाळांसाठी मिळून एक शिक्षक फिरतो, ते तुमच्या ओळखीच्या गुरुजींना विचारा.

माझी चूक

इथे एक कबुली देतो. दर ३ डिसेंबरला मी अपंग दिनाची बातमी करतो. फोटो ठरलेला. स्टेजवर नेते, समोर रांगेत तीनचाकी सायकली, हारतुरे. वीस वर्षांत त्या फोटोत ऑटिझम असलेलं एक पोर आलं नाही. कारण त्याला सायकल लागत नाही. त्याला लागतो शिकवणारा माणूस, आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं. त्याचा फोटो निघत नाही, आणि फोटो निघत नाही तिथे निधीही जात नाही. हे मला कळायला हवं होतं. मी फोटो छापत राहिलो. एका बातमीच्या मथळ्यात मी स्वतः 'मतिमंद मुलांची जत्रा' असं लिहिलंय. शब्दाला शब्द जुळला म्हणून. ते कात्रण परवा सापडलं. लाज वाटली.

आता करायचं काय?

घरात किंवा शेजारी मूल असं दिसत असेल, नावाला वळत नाही, बोटाने दाखवत नाही, आलेलं बोलणं गेलं, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. अंगणवाडी ताईला सांगा, बाल स्वास्थ्य पथकाकडे नोंद करायला लावा, जिल्ह्याच्या केंद्रात दाखवा. लवकर सुरुवात झाली तर फरक पडतो.

जुन्या सर्टिफिकेटवर 'मतिमंद' असेल आणि डॉक्टरांचं निदान ऑटिझम असेल, तर नव्या कायद्याखाली पुन्हा तपासणी मागता येते. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, वयाची अट नाही, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. मूल १८ चं झालं असेल तर कलेक्टर ऑफिसला स्थानिक स्तर समितीची चौकशी करा.

आणि आपण बाकीच्यांनी? पुढच्या वेळी कोणी नेता सायकल वाटपाला येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारू. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मंजूर पदं किती आणि भरलेली किती? तालुक्यात विशेष शिक्षक किती? स्थानिक स्तर समितीची बैठक गेल्या वर्षात किती वेळा झाली? मी हे तिन्ही प्रश्न माहिती अधिकारात टाकलेत. उत्तर आलं की इथेच टाकेन. नाही आलं तर तेही टाकेन.

ताईंनी नवा अर्ज भरलाय. तारीख मिळायची आहे. परवा फोनवर म्हणाल्या, "दादा, सर्टिफिकेट काय, होईल आज ना उद्या. मी ५२ ची झाले. शाळा १८ ला सुटली, आता दिवसभर घरी असतो. माझ्यानंतर याला रोज विचारणारं कोण?"

बघा, १९९९ चा कायदा ज्या प्रश्नासाठी झाला, तोच प्रश्न. २०१६ च्या कायद्याने मुलाला रकाना दिला. माणूस अजून द्यायचा आहे, आणि तो दिल्लीहून येणार नाही. तो आपल्याच तालुक्यात उभा करावा लागेल.

तुमच्या माहितीत असं घर असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. नाव छापणार नाही. सहाची यादी मोठी झाली, तर निदान एकमेकांना फोन तरी करता येईल. जगभर सुरुवात पालकांच्या अशाच यादीने झाली आहे.